वस्तीतल्या कार्यकर्त्या घडवायच्या तर आधी पर्यवेक्षिका नेमा

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या लहान संस्थेला तीन वर्षांचा निधी मिळाला आहे. शहरातल्या दोन वस्त्यांमध्ये बायकांवर होणाऱ्या घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम उभं करायचं आहे. बारा कार्यकर्त्या नेमायचा विचार आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या मुली घ्याव्यात की वस्तीतल्याच बायका? प्रशिक्षण किती दिवसांचं ठेवावं? आणि या कामात माणसं टिकत नाहीत म्हणतात, त्याचं काय करावं?"

मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांमध्ये हे काम करण्यात आणि दुसऱ्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या जोरावर आधी तुमच्या अंदाजपत्रकाबद्दल बोलते. बारा नेमू नका, नऊ नेमा. उरलेल्या पैशातून दोन अनुभवी पर्यवेक्षिका घ्या, त्यातली एक तरी प्रशिक्षित समुपदेशक असू दे, आणि या दोघींची नेमणूक सगळ्यांच्या आधी करा. बहुतेक प्रस्तावांमध्ये प्रशिक्षणाला मोठी रक्कम असते आणि पर्यवेक्षणाला एक अर्धवेळ जागा. पाच दिवसांची कार्यशाळा होते, फाईल मिळते, प्रमाणपत्र मिळतं. पुढच्याच आठवड्यात रात्री साडेदहाला एक बाई दोन पोरांना घेऊन कार्यकर्तीच्या दारात उभी राहते. त्या तासाभरात ती काय करते, कुणाला फोन लावते, पलीकडून फोन उचलला जातो की नाही, त्यावर तिचं कौशल्य ठरतं. कार्यशाळेत ऐकलेलं निम्मं तोवर विसरलेलं असतं, आणि त्यात तिची काही चूक नाही.

आता कुणाला घ्यायचं. दोन्ही लागतात, पण कामं वेगळी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली होती, आणि ७७ टक्के जणींनी मदत तर सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्यांनी मागितली, त्या बहुतेक माहेरच्यांकडे गेल्या. पोलीस, वकील, डॉक्टर यांच्यापर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या. म्हणजे ही बाई तुमच्या केंद्राची पायरी चढणार नाही. ती नळावर, अंगणवाडीच्या ओट्यावर, बचत गटाच्या बैठकीत भेटेल, आणि तिथे तिच्याशी बोलू शकेल अशी बाई त्याच गल्लीतली हवी. समुपदेशन, सुरक्षिततेचं नियोजन, कोर्टाची तयारी ही मात्र शिकलेल्या समुपदेशकाची कामं आहेत. कार्यकर्तीने ओळखायचं, ऐकायचं, पोचवायचं, नंतर सोबत राहायचं. ही रेघ पहिल्या दिवशी आखली नाही तर सहा महिन्यांत प्रत्येक कार्यकर्ती स्वतःच्या घरी छोटं न्यायालय चालवायला लागते.

निवड करताना सगळ्यात बोलक्या बाईला लगेच हो म्हणू नका. नगरसेवकाने सुचवलेलं नाव तर नकोच, कारण मारणारा नवरा त्याच पक्षाचा कार्यकर्ता निघाला की तिची अडचण होते. आम्ही वीस-पंचवीस जणींना दोन दिवस बोलावतो. मुलाखतीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. एखादी घटना सांगायची आणि जोडीने बोलायला बसवायचं. कोण मध्येच तोडते, कोण लगेच सल्ला देते, कोण गप्प राहून ऐकते, हे आपोआप दिसतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आदल्या दिवशीच्या गोष्टींची चर्चा सुरू झाली की कोण नावं घेऊन बोलते हेही कळतं. शिक्षणाची अट दहावीपर्यंत ठेवा, लिहिता-वाचता आलं पाहिजे एवढ्याचसाठी.

अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणींनी स्वतः मार खाल्लेला असतो, काही जणी अजूनही खात असतात. तेवढ्यावरून त्यांना नाकारणं अन्यायाचं होईल. उलट त्यांच्याइतकं नेमकं ऐकणारं दुसरं कुणी नसतं. पण त्यांच्यासाठी आधीपासून सोय हवी, संस्थेबाहेरचा समुपदेशक, जो त्यांच्या कामाचं मूल्यमापन करणार नाही. आणि नेमणूकपत्र देण्याआधी पर्यवेक्षिकेने प्रत्येकीच्या घरी जाऊन यावं. नवरा आणि सासू यांना कामाचं स्वरूप, वेळा, कधीमधी पोलीस ठाण्यात जावं लागेल हे नीट सांगावं. हे टाळलं की तिसऱ्या महिन्यात राजीनामा येतो आणि कारण "घरची अडचण" असं लिहिलेलं असतं.

प्रशिक्षणाचा पहिला भाग कायद्याचा ठेवू नका. "टाळी एका हाताने वाजत नाही" हे वाक्य मनात घट्ट बसलेलं असेल तर कलमं पाठ करून काही होत नाही. अशी कार्यकर्ती बाईला कायदा सांगेल आणि जाताजाता म्हणेल, "तू पण जरा जिभेला आवर घाल." बाईला फक्त शेवटचं वाक्य ऐकू जाईल. हा विचार दोन दिवसांत पुसला जात नाही. युगांडाच्या राजधानीत, कंपालामध्ये, हिंसा रोखण्यासाठी 'सासा' नावाचा कार्यक्रम राबवला गेला, त्याचं मूल्यमापन आठ वस्त्यांची तुलना करून झालं. जिथे काम झालं तिथे मागच्या वर्षभरात जोडीदाराकडून झालेली शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. वस्तीतलीच साधी माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलत होती, सत्ता कुणाकडे असते, ती कशी वापरली जाते यावर, आणि हे टप्प्याटप्प्याने काही वर्षं चाललं. मागे संस्थेचे कर्मचारी सतत उभे होते. मला त्यातून घेण्यासारखं वाटतं ते हे की त्या माणसांना आधी स्वतःच्या घरातल्या सत्तेकडे बघायला लावलं होतं, मग दुसऱ्यांच्या दारात पाठवलं. तुम्हीही पहिला महिना यालाच द्या. आठवड्यातून दोन दुपारी, सलग पाच दिवस नाही. मधल्या दिवसांत मनात काय खळबळ होते ते पुढच्या वेळी बोलायला मिळतं.

कायदा शिकवायचा तो कागद हातात देऊन. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) जो घटना अहवाल भरतो, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, त्याचा कोरा नमुना प्रत्येकीला द्या आणि एक काल्पनिक घटना सांगून भरायला लावा. भरताना प्रश्न पडतात: घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर? लग्नाचा दाखलाच नसेल तर? नवरा नाही, दीर मारतो तर? मग कलम १७ मधला त्याच घरात राहण्याचा हक्क, कलम १८ चा संरक्षण आदेश, १९ चा निवासाचा, तातडीचा आदेश देणारं कलम २३ हे सगळं आपोआप डोक्यात बसतं. फौजदारी बाजू १ जुलै २०२४ पासून बदलली आहे. नवरा-सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. पोलीस ठाण्यात अजून दोन्ही आकडे चालतात, म्हणून दोन्ही माहीत हवेत. विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तर बहुतेकींना पहिल्यांदाच कळतं.

वर्गाबाहेरचे दिवस जास्त ठेवा. संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय, चौकी, सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र), दंडाधिकाऱ्यांचं कोर्ट, सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग, प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस बसवा. बसायचं कुठे, कुठला कर्मचारी नीट बोलतो, झेरॉक्स कुठे मिळते, दुपारी कोण जागेवर नसतं, हे ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत मिळत नाही. मुंबईत असाल तर दोन ठिकाणं मुद्दाम बघा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि महापालिका यांनी मिळून सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र. दिलासाने रुग्णालयाच्याच परिचारिका आणि डॉक्टरांना शिकवलं, त्यातून शिकवणारे तयार केले. "चुकून औषध प्यायली" असं केसपेपरवर लिहिलेली बाई नेमकी कशातून आली आहे, हे वॉर्डातल्या सिस्टरला ओळखता येणं किती मोलाचं आहे, ते तिथे गेल्यावर समजतं.

सराव करून घ्यायच्या गोष्टींमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींना देते.

एक म्हणजे दारातला पहिला प्रसंग. एकीला सासू करते. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली, उठायचं नाव नाही. सून आत, ओट्याशी पाठमोरी. कार्यकर्ती दारात. नवशिक्या मुली इथे घाई करतात, सुनेला खुणावतात, नाहीतर सासूलाच विचारतात, "काही त्रास नाही ना हिला?" त्या एका प्रश्नाची किंमत रात्री सून मोजते. सरावात शिकवायचं ते असं: बाळाच्या लसीचं कार्ड मागायचं, पुढचा डोस कधी आहे ते सासूलाच सांगायचं, "गुरुवारी अंगणवाडीत बाळाचं वजन आहे, तिला पाठवा, मी पण तिथेच असते" एवढं बोलून निघायचं. त्या दिवशी हिंसेबद्दल एक शब्दही नाही. पुन्हा दार उघडेल अशा रीतीने परत येणं, हीच त्या भेटीची कमाई.

दुसरी गोष्ट जिवाच्या धोक्याची चिन्हं ओळखण्याची. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक. जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता कुठल्या खुणांवरून वाढलेली समजायची, यावर त्यांनी १९८० च्या दशकापासून काम केलं. त्यातली गळा दाबण्याची खूण आपल्याकडे सर्रास सुटते. बाई "गळा दाबला" असं म्हणत नाही. "मानेला धरलं होतं" म्हणते, आणि पुढे बोलायला लागते. तिथे थांबवून विचारायचं: डोळ्यांसमोर अंधारी आली का? आवाज बसला का? गिळताना दुखतंय का? कपड्यात लघवी झाली का? मानेवर वळ दिसत नसले तरी आत सूज असू शकते आणि ती काही तासांनी जिवावर उठू शकते. म्हणून त्याच दिवशी रुग्णालय, आणि त्याच तासात पर्यवेक्षिकेला फोन. गरोदरपणात पोटावर लाथ, हत्यार दाखवणं, रॉकेल ओतून काडीची धमकी, घर सोडायचं ठरवल्यावर वाढलेली मारहाण, बाईने स्वतः उंदराचं औषध आणून ठेवणं, यांनाही तोच नियम. कार्यकर्तीने अशा वेळी स्वतः निर्णय घ्यायचा नाही, आणि "उद्या बघू" तर कधीच नाही.

मुलांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठराखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" या प्रश्नाला सरसकट "नाही" म्हणायला शिकवू नका. कुठली गोष्ट आपल्यापाशी ठेवता येत नाही, हे मुलीने बोलायला सुरुवात करण्याआधी सांगायचं असतं. सतरा वर्षांची, लग्न झालेली, दिवस गेलेली मुलगी रुग्णालयात गेली की तिथूनही पोलिसांना कळवलं जातं आणि पुढे काय काय सुरू होतं, हे कार्यकर्तीला आधी माहीत नसेल तर त्या कुटुंबाचा आणि पुढे अख्ख्या गल्लीचा विश्वास जातो.

समेट घडवायला बसणं पहिलं वर्षभर पूर्ण बंद ठेवा. वस्तीतून दबाव येईल, "तुम्ही मोठ्या बायका आहात, दोघांना समोर बसवून मिटवून टाका." नवऱ्यासमोर बाई खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याचा हिशेब होतो. दोघांना एकत्र भेटायचं की नाही हे समुपदेशकाने, बाईची वेगळी भेट घेऊन, तिच्या मर्जीने ठरवायचं.

आता खरं काम, म्हणजे आठवड्याची केस-चर्चा. हिला मी सगळ्या प्रशिक्षणांच्या वर ठेवते. वार ठरलेला, वेळ ठरलेली, तीन तास, आणि निधी देणाऱ्यांची भेट असली तरी रद्द होणार नाही अशी. प्रत्येकीने एकच केस मांडायची, वहीतून वाचून. वही वाचली की शिकवायचं काय ते समोर येतं. सुरुवातीला नोंद अशी असते: "नवऱ्याने मारहाण केली. समजावले. फॉलोअप करणे." पर्यवेक्षिकेने विचारत जायचं. कधी? कशाने? कुठे लागलं? घरात कोण होतं? ती स्वतः काय म्हणाली? तिला काय हवं आहे? काही महिन्यांनी त्याच हातून नोंद येते: "मंगळवारी रात्री जेवणानंतर लाटण्याने डाव्या कोपरावर मारले. मोठी मुलगी जागी होती. म्हणते, 'वेगळं राहायचं नाही, मारणं थांबलं पाहिजे.' भावाला कळवायला नको म्हणाली. शुक्रवारी दवाखान्यात भेटू असे ठरले." ही नोंद उद्या डीआयआर भरताना कामी येते, कोर्टात कामी येते. शिवाय अशी नोंद लिहिणारी कार्यकर्ती आता बाईचं म्हणणं ऐकते आहे, आपलं मत लिहीत नाही, हेही त्यातून कळतं. पहिल्या सहा महिन्यांत पर्यवेक्षिकेने प्रत्येकीबरोबर गृहभेटींना जायला हवं. मागे बसून, न बोलता. जे सांगायचं ते परतीच्या वाटेवर, दोघीच असताना.

वह्या कुलपात राहिल्या पाहिजेत, घरी जाता कामा नयेत. व्हॉट्सअॅपच्या गटावर केसबद्दल एक अक्षर नाही, फोटो तर अजिबात नाही. वस्तीतल्या कार्यकर्तीची सगळ्यात मोठी जोखीम हीच की ती सगळ्यांना ओळखते.

टिकण्याचा प्रश्न बहुतांशी पगाराचा आहे. "सेवाभाव" पाहिजे असं सांगून तीन-चार हजारांवर राबवून घ्यायची आपल्या क्षेत्रातली सवय मला मनापासून चुकीची वाटते. कंपालामध्ये स्वयंसेवक होते हे खरं, पण ते आठवड्यातले थोडे तास बोलण्याचं काम करत होते. रात्री पोलीस ठाण्यात बसणाऱ्या बाईला स्वयंसेविका म्हणून चालत नाही. राज्याच्या किमान वेतनाच्या वर पगार, भविष्य निर्वाह निधी, प्रवासखर्च महिन्याच्या महिन्याला, संस्थेचा फोन. रात्रीच्या फोनसाठी पाळी लावा. ज्या रात्री पाळी नाही त्या रात्री फोन बंद ठेवायची मोकळीक द्या, आणि गल्लीतल्या बायकांना १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक पाठ करून द्या. कुणीही बाईला स्वतःच्या घरी आसरा द्यायचा नाही, कितीही पोटतिडीक वाटली तरी. पोलीस ठाण्यात आणि धोक्याच्या घरी दोघींनी जायचं. नवरा कार्यकर्तीच्या दारात येऊन शिव्या देऊन गेला तर दुसऱ्या दिवशी संस्थेची वरिष्ठ व्यक्ती वस्तीत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली पाहिजे, सगळ्यांना दिसेल अशी. ते झालं नाही तर ती बाई सोडून जाते, आणि तिने जाणंच योग्य.

शीण ओळखायला पर्यवेक्षिकेला शिकवा. एखादी ठरावीक गल्ली टाळायला लागली, चर्चेत तिरकस बोलायला लागली, घरी पोरांवर ओरडते असं स्वतःच सांगायला लागली, झोप येत नाही म्हणाली, की तिची केस दुसरीकडे द्या आणि तिला काही आठवडे गटबैठकांचं काम द्या. जळालेल्या किंवा मेलेल्या बाईची केस असेल तर त्याच दिवशी सगळ्यांनी एकत्र बसायचं. कामाचं काही बोलायचं नाही. शिकागोत रस्त्यावरचा गोळीबार थांबवायला गॅरी स्लटकिन यांनी २००० साली सुरू केलेल्या कामात त्याच भागात वाढलेल्या, गुन्हेगारीतून बाहेर पडलेल्या माणसांना नेमलं जातं. तिथेही मध्यस्थी करणाऱ्यांचा आघात आणि तुटपुंजा पगार हीच दुखणी पुढे आली. मुंबईच्या चाळीत आणि शिकागोच्या नाक्यावर काम वेगळं असलं तरी ज्याच्या शब्दाला वस्तीत वजन आहे त्याच माणसाची झीज सगळ्यात लवकर होते, हे दोन्हीकडे दिसतं.

पुढची वाटही हवी. दहावी झालेली कार्यकर्ती तीन वर्षांनी संघटक आणि त्यानंतर समुपदेशक होऊ शकेल असा जिना बांधा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून तिला पदवीपर्यंत जाता येतं. फी संस्थेने भरावी, परीक्षेच्या काळात पगारी रजा द्यावी. माझ्या माहितीतल्या चांगल्या समुपदेशक अशाच वर आलेल्या आहेत.

नऊजणींबरोबर दोन पुरुष कार्यकर्तेही घ्या, तरुण मुलांच्या गटांसाठी. मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून पुरुषांबरोबर हे काम करते, त्यांच्याकडे पाठवून शिकवून आणा. बायकांच्या केसेस मात्र त्यांच्याकडे देऊ नका.

निधी देणारे "किती केसेस सोडवल्या" हा आकडा मागतील. पहिल्या वर्षी नोंदी वाढतील, आणि ते चांगलं लक्षण आहे हे त्यांना करार करतानाच लेखी सांगा. त्याऐवजी हे मोजा: किती बायका दुसऱ्यांदा आपण होऊन आल्या, धोक्याचं चिन्ह दिसल्यापासून पर्यवेक्षिकेला किती वेळात कळलं, किती कार्यकर्त्या दुसऱ्या वर्षी कामावर आहेत. आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, निधी संपायच्या बराच आधी, चालू केसेस कुणाकडे जाणार हे संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याशी बसून ठरवा. प्रत्येक बाईला तिच्या नव्या माणसाची ओळख कार्यकर्तीने स्वतः सोबत जाऊन करून द्यायची. त्यासाठी शेवटचे चार महिने नवीन केस न घेता मोकळे ठेवा, आणि त्या चार महिन्यांचा पगार आजच अंदाजपत्रकात धरा.